माडीवरचा वायरलेस

"आय, तोंडावर कसं हाय? येऊ का आत?"

मुलाचा आवाज सेटमधून स्वच्छ आला. मागे इंजिनची धडधड, नवऱ्याचं खोकणं, सगळं ऐकू येत होतं. मी माईकचं बटण दाबलं आणि म्हणाले, "नको येऊ. तोंडावर लाट फुटतेय. बाहेरच थांब, नायतर मुरब्याच्या बंदरात जा."

बटण सोडलं. नुसती खरखर.

बटण दाबलं की सेटवरचा काटा उजवीकडे उडतो. तो हलला नव्हता. मी परत दाबलं, परत तेच बोलले, ओरडून बोलले. काटा जागेवर. मी सेटच्या मागच्या पत्र्याला हात लावला. नारळी पौर्णिमेपासून त्या पत्र्याने माझी बोटं पोळली होती. आता तो थंडगार होता. तापत होता तोवर निदान जिवंत होता, एवढं तोपर्यंत मला कळायला लागलं होतं.

"बरं," मुलगा म्हणाला. "येतो मग."

त्याचं मला ऐकू येत होतं, माझं त्याला जात नव्हतं. आणि मी गप्प राहिले तर त्याचा अर्थ "ये" असा आमच्यात ठरलेला होता. तो का ठरला ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही माणसं वेडी होती.

आमचं घर नवापूरला, खाडीच्या काठावर. माडीच्या खिडकीतून खाडीचं तोंड सरळ दिसतं. त्या तोंडावर वाळूचा दांडा आहे आणि पावसाळ्यात तो जागा बदलतो. गेल्या वर्षी जिथून होडी आत आली तिथून यंदा येईलच असं नाही. समुद्राकडून येणाऱ्याला लाटेची पाठ दिसते आणि पाठ नेहमी गुळगुळीत असते. लाट फुटते ती पुढच्या बाजूला, किनाऱ्याकडे. म्हणून होडीवरचा माणूस कितीही हुशार असला तरी त्याने तोंडाबाहेर थांबायचं आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचं, ही आमच्याकडची रीत आहे. सासऱ्यांच्या वेळी बांबूला फडकं बांधून धरायचे. फडकं उभं धरलं तर ये, आडवं धरलं तर थांब. मग वायरलेस आले आणि बांबू चुलीत गेले.

वायरलेसवर बसायचं काम घरातल्या म्हाताऱ्या बाईचं. जिचे गुडघे टोपली उचलायला नकार देतात तिला माडीवर बसवतात. मी पालघरच्या बाजारात मासे विकून गुडघे घालवले, मग मीही बसले. सासू बसायची त्याच खिडकीत. तिच्या वेळी गावात पुष्कळ घरी सेट होते आणि बायका मधूनच एकमेकींच्या सुनांबद्दलही बोलून घ्यायच्या, ते सगळ्या समुद्राला ऐकू जायचं. मोबाइल आल्यावर लोकांनी सेट भंगारात दिले. आम्ही ठेवला. होडीवर मोबाइल काही कामाचा नसतो. ओल्या हाताने तो चालत नाही, इंजिनपुढे ऐकू येत नाही, आणि पाणी लागू नये म्हणून तो पिशवीत बांधून तांदळाच्या डब्यात ठेवतात. सेटचं तसं नाही. तो सुकाणूजवळ टांगलेला असतो आणि त्याचा भोंगा कानाशी ओरडतो.

आमचा घरचा सेट जुना होता. एका मोडीत निघालेल्या ट्रॉलरवरचा काढून आणलेला. मुलाच्या लग्नाच्या कितीतरी आधीचा. त्याने कधी त्रास दिला नव्हता.

होडी पावसाळ्यात वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेच्या आधी तिला रंग देतात, मग नारळ सोडतात आणि होडी पाण्यात जाते. हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या आळीत आणखी एक पद्धत आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. होडीचा उरलेला रंग फेकायचा नाही आणि कोणाला द्यायचा नाही. तो घराला लावायचा. दाराची चौकट, खिडकीचे गज, तुळशीचा कठडा, जिथे लागेल तिथे. होडी आणि घर एका रंगाचं असलं की होडी घर विसरत नाही, असं म्हणतात. मी यातलं काही मानत नाही, पण रंगाने गंज थांबतो हे मानते. खाऱ्या हवेत लोखंड उघडं ठेवणं म्हणजे ते पाण्यात टाकण्यासारखंच आहे. त्या वर्षी निळा रंग बराच उरला. मुलगा घराच्या धाब्यावर चढला आणि वायरलेसची एरियलची काठी, तिच्या बुडाशी असलेले आडवे दांडे, ते ज्या लोखंडी पट्टीवर बसतात ती पट्टी, सगळं खोलून खाली आणलं. गंज घासला. एकेक तुकडा, स्क्रूसुद्धा, निळ्या रंगाने दोनदा रंगवला. उन्हात वाळवून परत जागेवर घट्ट बसवला. काम त्याने फार नीट केलं. नवरा खालून बघत होता. म्हणाला, "आता हिच्या बोलण्याला पण निळा रंग येईल."

होडी पाण्यात गेली आणि पहिल्याच फेरीला मुलगा सेटवर म्हणाला, "आय, तुझा आवाज लांब गेल्यासारखा येतो. माडीवरून बोलतेस का डहाणूवरून?"

मी म्हटलं, माझा आवाज जिथे होता तिथेच आहे, तूच लांब गेला असशील. पण बोलणं संपवून सेट बाजूला सरकवायला गेले तर मागचा पत्रा चटकन हाताला लागला. सेटच्या पाठीला कंगव्यासारखा जाड पत्रा असतो. तो कोमट होतो हे मला माहीत होतं. हा तव्यासारखा तापला होता आणि वास येत होता, जळक्या वायरचा.

सून म्हणाली, ओलं फडकं टाकून ठेवू. मी म्हटलं, त्याला ताप नाही आलेला. पण दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून दोन-चार दिवस आम्ही सुपाने वारा घालत बोललो. एकीने बोलायचं, दुसरीने वारा घालायचा. शेजारची बाई बघून गेली आणि गावभर सांगत सुटली की त्यांच्या घरी सेट बाळंत झालाय.

मग मी तो पिशवीत घालून बोईसरला नेला. कुंभवलीवरून रिक्षाने जाताना कारखान्यांचा वास नाकात बसतो. ह्याच कारखान्यांच्या पाण्यामुळे आमच्या होड्यांना आता लांब जावं लागतं, पण तो विषय वेगळा. बोईसरला स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत एक कारागीर बसतो. टीव्ही, मिक्सर, कारखान्यातल्या लोकांचे चार्जर, सगळं दुरुस्त करतो. तो उत्तरेकडचा, बोलतो हिंदी. माझी हिंदी बाजारातली आहे, पण भाव करायला पुरते.

त्याने सेट हातात घेतला आणि म्हणाला, "अम्मा, यह तो मेरे से भी पुराना है."

"मैं उससे भी पुरानी है," मी म्हटलं. "मेरे को कोई फेंकता नाय. खोल."

त्याने खोलला. मागच्या पत्र्याला आतून एक काळा, नखाहून जरा मोठा तुकडा स्क्रूने चिकटवलेला होता, त्याला तीन पाय. म्हणाला, हा ट्रान्झिस्टर. आमच्या काळी ट्रान्झिस्टर म्हणजे अख्खा रेडिओ, पण हा तसला नव्हता. त्याने समजावलं ते असं : तुम्ही बोलता ते आतून अगदी बारीक येतं, हा त्याला जोर देऊन एरियलकडे ढकलतो. ढकलताना तो तापतो. तापलेली ऊब मागच्या पत्र्यात जाते आणि पत्रा ती हवेत सोडतो. ट्रान्झिस्टर आणि पत्रा यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ कागदासारखा तुकडा असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी पांढरं मलम लावलेलं असतं, म्हणजे ऊब अडत नाही. आमच्या सेटमधलं मलम वाळून त्याचे पापुद्रे झाले होते. त्याने ते स्पिरिटने पुसलं, नवीन लावलं, स्क्रू आवळला. मग एरियल लावतात तिथे त्याने आपल्याकडची एक जाड कांडी जोडली. म्हणाला, ही एरियलच्या जागी, आता बटण दाबून बोलत राहा.

"क्या बोलू?"

"कुछ भी बोलो."

मी बटण दाबून बोंबील, मांदेली, करंदी, ढोमा, शिंगाळी, सगळी टोपली बोलून दाखवली. गल्लीतली दोन माणसं थांबली, त्यांना वाटलं मासे आले. पत्रा कोमट झाला, त्यापुढे तापला नाही. त्याने बॅटरीच्या तारांवर मीटर लावून आकडा बघितला, तोही बरोबर होता. मी सेट घेऊन घरी आले.

घरी लावला. पहिलं वाक्य बरं गेलं. तिसऱ्याला पत्र्याला हात लावता येईना.

दुसऱ्यांदा नेला तेव्हा ट्रान्झिस्टर पुरताच गेला होता. काटा हलेना. त्याने दुसरा घातला. तो म्हणाला, हा मूळचा नाही, मूळचा आता मिळत नाही, एका मोडक्या सेटमधून काढलाय, पण चालेल. परत कांडी जोडली, परत मी मासे विकले, परत पत्रा नुसता कोमट. त्याला शंका आली की घरची बॅटरी जास्त जोर देत असेल. म्हणून मुलगा सुट्टीच्या दिवशी घरची बॅटरी रिक्षात घालून घेऊन गेला. ती ठीक निघाली. मुलगा तिथून चिडून आला. म्हणाला, "आय, त्याच्या टेबलावर शाण्यासारखं वागतं, घरी आलं की पेटतं. तुझ्यासारखं हाय."

तिसऱ्यांदा मी त्याला सरळ विचारलं. "तुम्हारे इधर गरम होता नाय, मेरे घर में होता है. तो खोट किधर है? सेट में, के घर में?"

त्याने एरियल लावतात त्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "एरियल कैसा है आपका?"

"एकदम ठीक. अभी तो रंग मारा है."

त्याने मान डोलावली. त्याला वाटलं, रंग मारलाय म्हणजे नीट निगा ठेवली आहे. मलाही तेच वाटत होतं. आमच्याकडे रंग मारला याचा दुसरा अर्थच नाही. त्याने एका जुन्या अँप्लिफायरचा मोठा पत्रा काढला आणि आमच्या सेटच्या पाठीवर जोडून दिला. सेट आता पाठीला कुबड आलेल्या माणसासारखा दिसायला लागला. निघताना म्हणाला, "अम्मा, थोड़ा कम बोला करो."

रंगाचं पुढे काय निघालं ते इथेच सांगून टाकते, शेवटी राखून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. सगळं होऊन गेल्यावर, घरातली गर्दी ओसरल्यावर, मी सेट परत बोईसरला नेला. काय झालं ते त्याने ऐकलं होतं. ह्या वेळी तो म्हणाला, मी येतो. दुकान बंद करून तो नवापूरला आला आणि धाब्यावर चढला. काठीच्या बुडाशी बसून त्याने मीटर लावला, एक टोक आडव्या दांड्याला, एक पट्टीला. मग खिशातून पाना काढून सगळं सैल केलं आणि सुरीने, जिथे दांडा पट्टीला टेकतो तिथला, स्क्रूच्या खालचा, सगळा निळा रंग खरवडला. आतला धातू चकचकीत दिसायला लागला. परत आवळलं. नवा ट्रान्झिस्टर घातलेला सेट लावला आणि म्हणाला, बोला. मी नाही बोलले. तोच बोलत राहिला, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. पत्रा कोमटसुद्धा होईना.

धातूला धातू टेकायला हवा होता आणि मध्ये रंगाचा पापुद्रा होता, इतकंच. पट्टीला न टेकलेले ते आडवे दांडे एरियलच्या दृष्टीने नसल्यासारखेच होते. आवाज काठीतून पुरा बाहेर जात नव्हता. "जो बाहर नहीं जाता वह वापस आता है," तो म्हणाला, "और इसी पर बैठता है." इसी म्हणजे त्या नखाएवढ्या तुकड्यावर. त्याच्या दुकानात एरियलच्या जागी ती कांडी होती, तिच्यावर रंग नव्हता, म्हणून तिथे सगळं बरोबर चालायचं. तो धाब्यावरच बसून राहिला. मी त्याला चहा दिला. त्याने तो घेतला नाही, मग मीच प्यायले.

तर, कमी बोला असं तो सांगून गेला होता त्या वेळची गोष्ट. रात्री जेवताना मी ते घरात सांगितलं. मुलगा म्हणाला, "आसं करू. मी तोंडावर आलो की विचारीन. वाईट असेल तरच बोल. बरं असेल तर बटण दाबूच नको, गप्प रा. तू गप्प म्हणजे मी येतो."

नवरा म्हणाला, "ही गप्प राहील? मग आमी जन्मभर बाहेरच."

मासवणचा खलाशी पण त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होता. भाताची लावणी आटोपली की तो दरवर्षी आमच्या होडीवर यायचा आणि कापणीच्या वेळी परत आपल्या डोंगराकडे जायचा. नदीकाठचा होता, पोहायला चांगला, समुद्राला मात्र बिचकून असायचा. तो फार बोलायचा नाही. त्या रात्री तो म्हणाला, "आणि सेट बंद पडला आसेल तर?"

मुलाने त्याच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. म्हणाला, "तुझ्या मासवणात सेट हाय का? खा."

पुढच्या दोन-तीन फेऱ्या तशाच झाल्या. मुलाने विचारलं, मी खिडकीतून बघितलं, तोंड ठीक होतं, मी गप्प राहिले, होडी आत आली. सेट तापला नाही. सगळे म्हणाले, बरी युक्ती आहे.

त्या दिवशी सकाळी मच्छीमार सोसायटीच्या भोंग्यावर सांगितलं की वारा वाढणार आहे, बाहेरच्या होड्यांना परत बोलवा. गावातल्या बऱ्याच होड्या आदल्या दिवशीच आल्या होत्या. आमची लांब होती. मी बटण दाबून सांगितलं. त्याला अर्धंच कळलं. परत सांगितलं. "काय म्हणतेस? मोठ्याने बोल." परत सांगितलं, वारा, परत या, वारा. इतक्यांदा बोलावं लागलं की जोडलेला मोठा पत्रासुद्धा तापला आणि तो जळका वास माडीभर झाला. शेवटी त्याला समजलं. "बरं, जाळं ओढून निघतो," तो म्हणाला. मी बटण सोडलं आणि मग दुपारपर्यंत त्याला हात लावला नाही, थंड होऊ दे म्हणून. ट्रान्झिस्टर त्या सकाळच्या बोलण्यातच गेला असणार. मी बटण दाबून बघितलं असतं तर कळलं असतं, पण विनाकारण बटण दाबायचं नाही असंच तर ठरलं होतं.

ते तोंडावर आले तेव्हा भरती संपून पाणी उतरायला लागलं होतं. खाडीचं पाणी बाहेर निघालेलं, समुद्राची लाट आत येणारी, दोन्ही त्या वाळूच्या दांड्यावर भिडत होती. काठावरून बघताना तोंडभर पांढरं फेसाळ दिसत होतं. होडीवरून त्यांना ह्यातलं काही दिसणार नव्हतं. आणखी थोडं थांबले तर आत यायला पाणीच उरणार नाही, म्हणून मुलाला घाई. त्याने विचारलं, ते मी सुरुवातीला लिहिलंच आहे.

"येतो मग," म्हणाला आणि मी माईक टाकला.

मोबाइल घेतला, नवऱ्याचा नंबर लावला. रिंग गेली. वाजत राहिली. तांदळाच्या डब्यात, पिशवीत. मी तो कानाला तसाच धरून खिडकीशी गेले. खाली काठावर सून आणि आळीतल्या बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, होडी येणार म्हणून. मी वरून ओरडले, "त्यांना परत घालवा. सेट मेलाय. हात करा, परत जा म्हणा."

सुनेला समजलं. तिने टोपली टाकली, पदर सोडून डोक्यावर धरला आणि हलवायला लागली. मग बाकीच्या बायका हलवायला लागल्या. ओरडत होत्या, ते ओरडणं अर्थात तिथवर जात नव्हतं. होडी आली की आमच्या बायका नेहमीच हात हलवतात आणि ओरडतात. मी खिडकीतून चादर काढून आडवी धरायला बघत होते, बांबूवरच्या फडक्यासारखी, पण वाऱ्याने ती सारखी उभी व्हायची, आणि मुलाच्या वयाच्या कोणाला ती खूण माहीतही नव्हती. नवऱ्याला माहीत होती. नवरा त्या वेळी होडीत खाली बर्फाच्या पेटीशी होता, हे त्याने नंतर सांगितलं.

माझ्या मागे सेट बोलला. "आय, खिडकीत काय नाचतेस? येतोय ना. बर्फवाल्याला बोलावून ठेव."

मी परत माईककडे धावले नाही. तिथे काही उपयोग नव्हता. मी खिडकीतच उभी राहिले आणि बघितलं.

होडी पहिल्या लाटेवरून सरळ आली. दुसऱ्या लाटेने तिला मागून उचललं, इतकं की पुढचं टोक खाली वाळूला लागलं. मग ती आडवी झाली. आडवी झाल्यावर होडीचं काही चालत नाही. तिसरी लाट तिच्या कुशीवर फुटली आणि ती पालथी पडली. मला तिचा निळा तळ दिसला, पौर्णिमेला रंगवलेला, अजून नवा.

बायका पाण्याच्या कडेपर्यंत धावल्या. पुरुष दोर आणि टायरच्या ट्यूब घेऊन पाण्यात शिरले, पण तोंडापर्यंत कोणाला जाता येईना. लाटा त्यांना परत काठावर टाकत होत्या. दुसरी होडी काढायला तोवर पाणी उरलं नव्हतं. मी माडीवरून उतरले. माझ्या गुडघ्यांनी जिने उतरायला वेळ लागतो, खाली पोचले तोपर्यंत मासवणचा खलाशी बर्फाच्या पेटीच्या झाकणाला धरून आत आला होता. त्याला ओढून वाळूवर घातलं. तो पाणी ओकत होता आणि एकच सांगत होता, "तो सुकाणूवर होता. तो सुकाणूवर होता."

नवरा बराच वेळाने मिळाला, डिझेलच्या रिकाम्या कॅनला दोन्ही हातांनी मिठी मारलेला. कॅन सोडवून घ्यायला दोघं लागले. त्याच्या छातीत पाणी गेलं होतं. त्याला पालघरला नेलं. मी बरोबर गेले नाही, काठावर थांबले. सून मला घरी चल म्हणाली नाही, मी तिला म्हणाले नाही.

पाणी पूर्ण उतरल्यावर माणसं वाळूच्या दांड्यापर्यंत चालत गेली. मुलगा होडीखाली नव्हता. तो दुसऱ्या दिवशी दांडी गावाच्या बाजूला मिळाला, लोकांनी उभ्या केलेल्या जाळ्याच्या खुंटांना अडकून. मी त्याला हातांवरून ओळखलं. हात निळे होते, पण रंगामुळे नाही.

लोक विचारायला येतात, तेव्हा कोणी सेटला दोष देतं, कोणी कारागिराला, कोणी त्या ठरावाला. एक बाई म्हणाली, उरलेला रंग तुळशीला आधी लावायला पाहिजे होता. मी तिला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. नवरा आता होडीवर जात नाही. होडी दुरुस्त झाली, ती दुसऱ्यांना दिली. मासवणचा त्या वर्षी कापणीला घरी गेला, मग आमच्याकडे परत आला नाही. आता बोईसरला कारखान्यात जातो असं ऐकते. दिवाळीत एकदा येऊन नवऱ्यापाशी बसून गेला.

होडीवर तिघं होते. वाचले ते दोघं, माझा नवरा आणि मासवणचा खलाशी.